प्राचीन ग्रीक लढायांची वॉरगेम नियमपुस्तिका: लिहिण्यापासून विक्रीपर्यंत

टेबलावर मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती, मांडून खेळायच्या वॉरगेमचे (युद्धखेळाचे) नियम आज कोणीही स्वतः प्रकाशित करू शकतो. पीडीएफला प्रकाशक लागत नाही आणि मागणी येईल तशी प्रत छापणाऱ्या प्रिंट ऑन डिमांडमुळे प्रतींचे गठ्ठे साठवावे लागत नाहीत. अडचण आहे ती वेगळीच. ‘प्राचीन युद्ध’ म्हणून एकच सरधोपट यंत्रणा बनवायची आणि तिच्यावर कधी रोमन तर कधी ग्रीक नावे डकवायची, हा मोह फार होतो. तो टाळलात तरच तुमची पुस्तिका कोणी का विकत घ्यावी, याला उत्तर मिळते.

आधी खेळाडूची चिंता ठरवा

पहिला नियम लिहिण्यापूर्वी एक वाक्य कागदावर उतरवा: या खेळात खेळाडूला कशाची धास्ती वाटली पाहिजे? ग्रीक नगरराज्यांच्या लढाईत सेनापती बहुधा स्वतः ढाल-भाला घेऊन रांगेत उभा असे. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस असाच लढताना पडला. फॅलँक्स, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या ढाल-भालेवाल्यांचा दाट व्यूह, एकदा चालू लागला की वरून हुकूम देण्यासारखे फारसे काही उरत नसे. म्हणजे खरे निर्णय आधीचे: उजवीकडे कोण, डावीकडे कोण, रांगा किती खोल. माझ्या मते पुस्तिकेतली सर्वाधिक पाने मांडणी आणि मनोधैर्य यांनाच मिळावीत. दर फेरीला खेळाडू प्रत्येक तुकडी हवी तशी वळवत असेल, तर तो खेळ मजेदार असेलही, पण ग्रीक नसेल.

आता तीन-चार लढाया निवडा आणि प्रत्येकीतून एकेक नियम काढा. मँटिनियाच्या लढाईबद्दल (इ.स.पू. ४१८) लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की प्रत्येक हॉप्लाइट (ढाल-भाल्याचा जड पायदळ सैनिक) आपली उघडी बाजू उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड लपवू पाहतो, त्यामुळे अख्खे सैन्य चालता चालता उजवीकडे सरकते. हा नियम आयताच मिळाला: पुढे चालणारा फॅलँक्स दर फेरीला थोडा उजवीकडे सरकेल आणि तो रोखायचा तर वेग कमी करावा लागेल. इ.स.पू. ३९४ मध्ये नेमियाच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या उजव्या फळ्या जिंकल्या. मग स्पार्टन शिस्तीत वळले आणि पाठलागावरून परतणाऱ्या शत्रूच्या तुकड्या त्यांनी एकामागून एक गाठल्या. म्हणून स्पार्टनांना लढाईच्या गुणांत घसघशीत बोनस देण्यापेक्षा जिंकल्यावर थांबण्याची आणि वळण्याची मुभा द्या. इतरांनी पाठलागाला धावलेच पाहिजे.

खोलीचा प्रश्न जास्त अवघड. आठ रांगा नेहमीच्या, पण डेलियमला (इ.स.पू. ४२४) थीब्ज नगरराज्याचे सैनिक पंचवीस रांगांत उभे होते आणि ल्युक्ट्राला तब्बल पन्नास, समोर स्पार्टन जेमतेम बारा. मागच्या रांगा खरोखर ढालीने ढकलत होत्या की केवळ पुढच्यांना धीर देत होत्या, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. तुम्हाला बाजू घ्यावी लागेल आणि ती का घेतली हे पुस्तिकेत दोन परिच्छेदांत सांगावे लागेल. या विषयाचा वाचक असे स्पष्टीकरण आवडीने वाचतो. नियमापुरते पाहिले तर खोलीने मारण्याची ताकद वाढवू नका, टिकण्याची वाढवा. फळीची रुंदी कमी होणे ही तिची किंमत.

मापे आणि फासे

धरा, एक तुकडी म्हणजे ५०० माणसे. आठ रांगांत ती साधारण ६२ माणसे रुंद होते आणि माणशी सुमारे एक मीटर धरला तर फळी ६० मीटरच्या आसपास. बेस (तुकडीच्या मूर्ती ज्यावर चिकटवतात ती पट्टी) ६० मिलिमीटर रुंदीचा घेतला की टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. मॅरेथॉनच्या लढाईतले दहा हजार ग्रीक म्हणजे वीस बेस, १२० सेंटिमीटरची फळी. १८० बाय १२० सेंटिमीटरच्या टेबलावर आरामात बसते. आता गंमत बघा: इतिहासकार हिरोडोटस म्हणतो ती या ग्रीकांची शत्रूवरची आठ स्टेडियांची (स्टेडिया हे ग्रीक अंतरमाप) धाव, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, याच टेबलाच्या रुंदीत मावतच नाही. पेल्टास्टाची, म्हणजे भाले फेकणाऱ्या हलक्या पायदळ सैनिकाची, हातभाल्याची फेक एका बेसच्या रुंदीएवढीही भरत नाही. असे हिशेब एकदा केले की इतर खेळांतून उचललेले लांबलचक पल्ले आपोआप गळतात. अंतरे सेंटिमीटरऐवजी ‘बेस रुंदी’त द्या, म्हणजे कोणाकडे १५ मिलिमीटर उंचीच्या मूर्तींचे सैन्य असो वा २८ मिलिमीटरचे, पुस्तिका दोघांनाही चालेल.

दोन सहापैलू फासे फेकले की ३६ शक्यता असतात. आठ किंवा जास्त येण्याची शक्यता १५, सात किंवा जास्तची २१. म्हणजे मध्यावर मिळालेला एक गुणाचा बोनस यशाची शक्यता ४२ वरून ५८ टक्क्यांवर नेतो. कडेला मात्र अकरावरून दहावर आलात तर ८ चे १७ टक्के होतात: शक्यता दुप्पट, तरी यश क्वचितच. बोनसांची यादी वाढवण्याआधी हे कोष्टक भिंतीवर लावा. एका हल्ल्यात तीनपेक्षा जास्त बोनस मोजावे लागत असतील, तर काहीतरी छाटा.

लिहिणे आणि पारखणे

एका गोष्टीला पुस्तिकाभर एकच शब्द. ‘तुकडी’ म्हटलेत तर पुढे ‘युनिट’ किंवा ‘पथक’ नको. खेळाडू त्यात वेगळा अर्थ शोधतो आणि भांडतो. ‘करता येते’ आणि ‘करावेच लागते’ यांतला फरक काटेकोर पाळा. नियम फेरीच्या क्रमाने मांडा, प्रत्येक नियम एकाच जागी लिहा, आणि वळणे व फळीची टक्कर यांसाठी आकृत्या काढा.

चाचणीचे दोन टप्पे. आधी तुम्ही स्वतः खेळवा. मग ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशांच्या हाती फक्त छापील पाने द्या आणि गप्प बसा, शक्यतो त्या खोलीत राहूच नका. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे दुरुस्तीची जागा. लेखायनची चकमक (इ.स.पू. ३९०) जरूर खेळवून पाहा. तिथे अथेन्सचा सेनापती इफिक्रेटीस याच्या पेल्टास्टांनी सुमारे ६०० स्पार्टन हॉप्लाइटांना दुरूनच भाले फेकून जेरीस आणले आणि ग्रीक इतिहासकार झेनोफनच्या म्हणण्यानुसार त्यांतले अडीचशेच्या आसपास मारले गेले. तुमच्या नियमांत हे घडू शकते का? आणि दर वेळी तेच घडते का? पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही आले पाहिजे.

हक्क, चित्रे, छपाई

खेळाच्या यांत्रिक कल्पनेवर, जसे फासे कसे फेकायचे, सहसा कॉपीराइट नसतो. ती मांडणारे शब्द, चित्रे आणि कोष्टकांची सजावट यांवर असतो. त्यामुळे आवडलेली पद्धत घ्या, पण वाक्ये स्वतःची लिहा. मिनिएचरचे फोटो वापरायचे तर निर्मात्याची परवानगी मागा. चित्रांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून कॉपीराइटमुक्त कलाकृतींचे फोटो खुले केले आहेत. त्यांत हॉप्लाइट असलेली ग्रीक भांडी मिळतात आणि ती कुठल्याही घाईघाईच्या डिजिटल चित्रापेक्षा देखणी दिसतात. फॉन्टचा परवाना व्यावसायिक वापराचा आहे ना, तेही तपासा.

पानांची मांडणी स्क्रायबससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. मधोमध पिन मारायची असेल तर पानसंख्या चारच्या पटीत ठेवा. चित्रे ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके), आणि कडेपर्यंत जाणारी असतील तर साधारण तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर पेपरबॅकला किमान २४ पाने लागतात; या विषयाला ३२ ते ४८ पुष्कळ झाली. सगळी कोष्टके शेवटच्या पानावर एकत्र द्या, खेळताना तेवढेच पान उघडे असते. पीडीएफच्या दोन फाइल करा: एक छपाईची, दुसरी पडद्यावर वाचायची, अनुक्रमणिकेच्या लिंकसह. विक्री सुरू करण्याआधी छापील प्रूफ मागवाच. बारीक टाइप आणि फिके नकाशे पडद्यावर कळत नाहीत.

वॉरगेम व्हॉल्टसारख्या ऑनलाइन दुकानात पीडीएफ विकता येते आणि नेमका तिथला ग्राहक हेच शोधत येतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, काही देशांत फुकट मिळतो, काही ठिकाणी विकत घ्यावा लागतो. फक्त पीडीएफ विकणार असाल तर बहुधा त्याच्याशिवायही भागते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा. शुद्धिपत्र वेगळे आणि मोफत ठेवा, त्यात पान क्रमांकासह जुने वाक्य आणि नवे वाक्य दोन्ही द्या. पीडीएफ घेतलेल्यांना सुधारित फाइल पुन्हा उतरवून घेता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा.