युद्धाची कारणे कशी शोधावीत: इंदूरच्या अभ्यासमंडळांसाठी
युद्धाची कारणे समजून घ्यायची असतील, तर इंदूरकरांनी आपल्याच इतिहासातील एखाद्या युद्धापासून मागे मागे जावे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धामागे पेशवा दुसरा बाजीराव व इंग्रज यांच्यातील वसईचा तह, तहामागे यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलेली १८०२ ची हडपसरची लढाई, आणि तिच्यामागे १८०१ मध्ये पुण्यात यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पेशव्याने दिलेला अमानुष मृत्युदंड व त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने केलेली इंदूरची लूट, अशी साखळी हाती लागते. प्रत्येक कडीपाशी थांबून विचारावे, की येथे अभय देऊन, भरपाई करून किंवा दोघांना मान्य असलेला मध्यस्थ बोलावून सूड टाळता आला असता का. सगळा दोष एकाच्याच माथी मारण्याची घाई मुळीच करू नये. होळकर-शिंदे हा विषय आजही चटकन तापतो. हाच प्रश्न नंतर मोहल्ल्यातील ताज्या तंट्याला लावावा, आणि अफवा पसरण्यापूर्वी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना समोरासमोर बसवावे.