उपचारांसाठी मुंबई गाठण्याआधी शाळेचं काय काय करून ठेवावं

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला, परळला टाटा मेमोरियलमध्ये जायचं ठरलं, की घरात पैसे, फायली आणि राहायची सोय यांचीच धावपळ सुरू होते. शाळेचं मग ‘नंतर बघू’ होतं. नंतर बघू नका. निघण्याआधी मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक शाळेला द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊन ती आपल्या फाइलीत लावायची. वर्गावरच्या बाईंना फोन केला आणि त्या ‘काळजी करू नका, मी बघते’ म्हणाल्या, एवढ्याने भागत नाही. माझ्या लेकीच्या वेळी मी तेवढंच केलं होतं. बाई मनाच्या चांगल्या होत्या, पण पुढे त्यांची बदली झाली. आम्ही परतलो तेव्हा लेकीचं नाव पटावरून कमी झालेलं. सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, आणि ती आजारी होती, आम्ही कळवलं होतं, हे दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. म्हणून पोच. शाळेने टाळाटाळ केली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

अर्जात आजाराचं नाव आणि अंदाजे मुदत लिहा. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, लेटरहेडवरचं. पटावर नाव कायम ठेवावं आणि मूल्यमापन सवडीने, तोंडी किंवा घरी व्हावं, अशी स्पष्ट मागणी करा. मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. वाद न घालता हे कलम अर्जात नमूद करा. उपचार लांबले तर नवा अर्ज आणि नवी पोच. मुख्याध्यापक बदलले तर जुन्या पोचेची झेरॉक्स घेऊन नव्या सरांना भेटा. आणि कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी घाईने शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.

पुस्तकांची चिंता नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात.

आता प्रत्यक्ष अभ्यास. पहिल्या महिन्यात, इंडक्शन म्हणजे उपचारांचा पहिला, जोरदार टप्पा चालू असताना, पुस्तक उघडूच नका. स्टेरॉइडने मूल दिवसभर भूक भूक करतं, रात्री झोपत नाही, कारण नसताना रडतं. त्या मुलापुढे पाढे धरणं हा छळ आहे. पाठीच्या कण्यातून इंजेक्शन दिल्यावर झोपवून ठेवतात, तो दिवसही सोडा. पुढे ताकद आली की वीस मिनिटं गणित, वीस मिनिटं वाचन. बाकी विषय मागे राहिले तरी चालतील, ते वाचून भरून निघतात. गणिताची पायरी सुटली की पुढची चढता येत नाही.

हाताकडे मात्र लक्ष ठेवा. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बोटांतली आणि पावलांतली ताकद कमी होते. आधी शिरोरेषा वाकडी येते, मग अक्षरं ओळीखाली घसरतात, पेन्सिल दोन बोटांतून निसटते. लेक ‘नाही लिहायचं’ म्हणायची, आम्ही त्याला आळस समजलो. जाड पेन्सिल द्या, डॉक्टरांना सांगा, आणि अक्षर बिघडण्याचं कारण त्यांच्याकडून शाळेसाठी लिहून घ्या, म्हणजे शिक्षक तोंडी उत्तरं घेतात. काही मुलांना उपचारांनंतर गणितं सोडवायला, ऐकलेलं लक्षात ठेवायला आधीपेक्षा वेळ लागतो. हेही पत्रात यावं. नाहीतर ‘लाडावलंय’ असा शिक्का बसतो आणि तो पुसत नाही.

परळला उपचार घेणाऱ्या मुलांसाठी कॅनशाळा चालते. वॉर्डातल्या समाजसेविकेला विचारा, त्याच सगळं सांगतील. वर्गातल्या एकदोन मैत्रिणींशी फोनवर बोलणं चालू ठेवा, आणि गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्या भावंडाची शाळाही विसरू नका. त्याचाही अभ्यास बुडत असतो, फक्त कोणी विचारत नाही.

परीक्षांचं थोडक्यात. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, त्यामुळे त्या इयत्तांत दिवाळीच्या आतच बोलून ठेवा. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते आणि आजारपणाची सूट शाळेमार्फतच मागावी लागते. त्या वेळी शाळा तुमच्या फाइलीतले कागदच मागणार: अर्ज, पत्र, पोच. दाखला काढून १७ नंबरचा फॉर्म भरणं, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणं, हा शेवटचा मार्ग. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ते आजार आहेत, त्याचं प्रमाणपत्र वेळेत काढा.

परतताना डॉक्टरांचं पत्र हवंच. ‘अमुक तारखेपासून हजर’ असा अर्ज द्या, पोच घ्या. सुरुवातीला अर्धा दिवस. डोक्याला टोपी चालेल का, पीटीतून सूट, पाण्याची बाटली, स्वच्छतागृह, हे आधी ठरवून घ्या. वर्गाला बाईंनीच सांगावं की हा आजार लागत नाही. शाळेत कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन आला पाहिजे, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला ते जिवावर बेतू शकतं आणि संरक्षणाचं औषध थोड्या दिवसांतच द्यावं लागतं. तुमचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर लावून या. मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, गोळ्या रोजच्या असतात, पण ज्या आठवड्यात इंजेक्शन आणि स्टेरॉइड असेल तो बाईंच्या कॅलेंडरवर खूण करून द्या, त्या आठवड्यात चाचणी नको.