सर्पिल जिना आणि सर्पिल दीर्घिका: पाहावे कसे

सर्पिल आकाराचे सौंदर्य आपण त्याच्याकडे कोठून पाहतो यावर फार अवलंबून असते, आणि ही नजर तयार करायला राजवाड्यातील दगडी जिन्यासारखा गुरू नाही. फ्रान्समधील शांबोर राजवाड्याचे बांधकाम राजा पहिला फ्रान्स्वा याने १५१९ मध्ये सुरू केले. त्याच्या मध्यभागी, एकाच पोकळ गाभ्याभोवती, दोन स्वतंत्र जिने वेढे घेत वर जातात. तेथे गेल्यावर लगेच चढू नये. सोबत्याला एका जिन्याने पाठवून आपण दुसऱ्याने चढावे. गाभ्याच्या झरोक्यांतून त्याचा चेहरा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो, पण वर पोहोचेपर्यंत गाठ पडत नाही. मग खाली येऊन गाभ्याच्या तळाशी उभे राहावे आणि मान वर करावी. काटेकोरपणे बोलायचे तर जिना मळसूत्री असतो, म्हणजे त्याचे वेढे सारख्याच रुंदीचे असतात. परंतु अक्षावरून पाहताना दूरचे वेढे लहान दिसत जातात आणि मळसूत्राचे सपाट सर्पिल होते.

दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, बाबतीत आपल्याला जागा बदलता येत नाही, म्हणून आपल्याकडे तोंड करून असलेली दीर्घिकाच निवडावी लागते. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसत असली तरी ती फार तिरपी असल्याने तिच्या भुजा, म्हणजे गाभ्याभोवती वळत जाणारे तेजस्वी पट्टे, सहज उलगडत नाहीत. माझी निवड एम ५१ (मेसिए यांच्या यादीतील ५१ वी नोंद) ही दीर्घिका आहे. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून सुमारे साडेतीन अंशांवर, श्यामशबल तारकासमूहात ती सापडते, आणि उत्तर गोलार्धात एप्रिल ते जून या महिन्यांत संध्याकाळनंतर ती चांगली उंचावर असते.

चंद्र नसलेली रात्र आणि शहरी उजेडापासून दूरची जागा यांना पर्याय नाही. डोळे अंधाराला सरावण्यासाठी किमान अर्धा तास द्यावा आणि नोंदींसाठी मंद लाल दिवाच वापरावा. लहान दुर्बिणीत शेजारी शेजारी दोन धूसर ठिपके दिसतात: एक एम ५१ चा गाभा, दुसरा तिची सोबतीण दीर्घिका. दहा-बारा इंच व्यासाच्या दुर्बिणीतून, नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवली, तर भुजांची वळणे हळूहळू जाणवू लागतात, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. खगोलशास्त्रज्ञ लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधील बर किल्ल्याच्या आवारात उभारलेल्या ७२ इंची दुर्बिणीतून १८४५ मध्ये हीच वळणे पाहून त्यांचे चित्र रेखाटले होते, आणि दीर्घिकेची सर्पिल रचना ओळखली जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपणही चित्र काढावेच. आधी दोन्ही गाभे आणि आसपासचे तारे योग्य अंतरावर मांडावेत, मग पेन्सिलीची भुकटी बोटाने पसरून भुजा उमटवाव्यात. ठळक रेघ ओढू नये, कारण भुजेला काठ नसतो. एम ५१ सारख्या दीर्घिकांत भुजा म्हणजे ताऱ्यांची कायमची माळ नसून दाटीची एक लाट असते, असे घनता-लहरींचा सिद्धांत सांगतो. पायऱ्या जागेवर राहतात आणि माणसे त्यांवरून पुढे जातात, तसे तारे व वायू या दाटीत शिरतात आणि पार होतात. दाटीत सापडलेला वायू दाबला जाऊन तेथे नवे निळसर तारे जन्मतात. म्हणूनच छायाचित्रांत भुजा निळसर दिसतात आणि त्यांच्या आतल्या कडेने धुळीचे काळे पट्टे वळत जातात. चित्र पुरे झाल्यावरच छायाचित्र शेजारी ठेवावे आणि आपल्या डोळ्यांना पहिले वळण कोठे सापडले, ती जागा त्यावर शोधावी.