हरकत क्रमांक २१७चं पुढे काय होतं? प्रादेशिक वाहतूक नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘सकाळी सहाच्या पाळीला पोचायचं असतं, पण पहिली बसच उशिरा सुटते.’ वाहतूक आराखड्याच्या मसुद्यावर अशी एक सूचना आली आणि नोंदवहीत तिला २१७ क्रमांक पडला, असं समजा. ही एका ओळीची तक्रार २५ वर्षांच्या आराखड्यात नेमकी कुठे बसवायची? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला बहुतेकदा हेच काम येतं. ते दुय्यम समजू नका. लोकांचं बोलणं आणि मॉडेलमधले (म्हणजे प्रवासांचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी हिशेबातले) आकडे यांच्यातला दुवा शाबूत ठेवणं हा या व्यवसायाचा गाभा आहे, आणि तो दुवा कुठे तुटतो ते कळायला दोन्ही बाजू आतून माहीत असाव्या लागतात.

शहराची हद्द नकाशावर संपते, पण माणसांची रोजची ये-जा तिथे थांबत नाही. म्हणून जिथपर्यंत लोक कामाला, शाळेला, दवाखान्याला जातात तो सगळा टापू एकत्र धरून २० ते ३० वर्षांचा आराखडा करतात. या कामाची पद्धत १९५०च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागो इथल्या अभ्यासांतून घडली. अमेरिकेने १९६२च्या कायद्याने ५० हजारांहून जास्त वस्तीच्या नागरी भागांना असं नियोजन बंधनकारक केलं. ते सतत चालणारं, सर्वसमावेशक आणि सगळ्या यंत्रणांनी मिळून केलेलं असावं, अशी त्यात अट होती. १९९१च्या कायद्याने आणखी एक अट घातली: जेवढा पैसा येण्याची वाजवी खात्री आहे तेवढीच कामं आराखड्यात धरायची. ही दुसरी अट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्याशिवाय आराखडा म्हणजे इच्छांची यादी होते, आणि यादीतलं काहीच नाकारायचं नसेल तर लोकांना विचारण्यात अर्थ उरत नाही.

सुरुवात आधारवर्षापासून होते, म्हणजे आज कोण कुठून कुठे जातं ते मांडण्यापासून. टापूचे झोन, म्हणजे हिशेबासाठी छोटे भाग, पाडतात. झोन मोठा झाला की त्याच्या आतल्या आत होणारे छोटे प्रवास, मुख्यतः पायी आणि सायकलचे, रस्त्यांच्या जाळ्यावर येतच नाहीत. मॉडेलच्या लेखी ते जवळपास नसतातच. नंतर कुणी ‘इथे पदपथाची गरज दिसत नाही’ म्हणालं, तर आधी झोनचा आकार पाहा. घरोघर सर्वेक्षणात आदल्या दिवसाचा प्रत्येक प्रवास विचारतात. इथली नेहमीची चूक म्हणजे घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं देणं. नोकरीला जाणं-येणं त्याला आठवतं. मुलाला शाळेत सोडून, वाटेत औषध घेऊन, आजारी नातेवाइकाकडे डोकावून परत येणं निसटतं. असे जोडप्रवास बहुतांशी बायका करतात, त्यामुळे गळतीही त्यांच्याच प्रवासांची होते. शक्य तिथे ज्याचा प्रवास त्यालाच विचारा, आणि ‘कामाला कसे जाता’ असं न विचारता ‘काल घराबाहेर पहिल्यांदा कधी पडलात, तिथून पुढे कुठे’ असं विचारा.

नमुन्याचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. संपूर्ण टापूसाठी एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासाने आणि ५ टक्क्यांच्या फरकात सांगायचं असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत साधारण ३८५ उत्तरं पुरतात. पण ५०० झोन असतील तर ‘कुठून-कुठे’च्या तक्त्यात २,५०,००० चौकटी होतात. दहा हजार घरं विचारली तरी बहुतेक चौकटी रिकाम्याच राहतात, आणि म्हणूनच मॉडेल लागतं. मोबाइलच्या नोंदींनी हा तक्ता भरता येतो, असं आता सर्रास सांगितलं जातं. काही अंशी ते खरं आहे. पण त्या नोंदी प्रवास कशासाठी केला हे थेट सांगत नाहीत, बसने की दुचाकीने हेही बऱ्याचदा ओळखता येत नाही, आणि छोटे प्रवास त्यांतही गळतात.

पारंपरिक मॉडेलचे चार टप्पे असतात: कोणत्या झोनमधून किती प्रवास निघतात, ते कुठे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या वाटेने जातात. चौथ्या टप्प्यात रस्ता भरत गेला की वेळ कसा वाढतो याचं एक जुनं सूत्र आजही वापरात आहे: वाहनसंख्येला रस्त्याच्या क्षमतेने भागायचं, त्याचा चौथा घात काढायचा, ०.१५ ने गुणायचं. तितक्या पटीने मोकळ्या रस्त्यावरच्या वेळेत भर पडते. क्षमतेइतकी वाहनं आली तर वेळ १५ टक्क्यांनी वाढतो, दीडपट आली तर सुमारे ७६ टक्क्यांनी, दुप्पट आली तर एकूण वेळ ३.४ पट होतो. शेवटी शेवटी वेळ असा झपाट्याने चढतो, म्हणून गर्दीच्या रस्त्यावर मागणीचा अंदाज थोडा चुकला तरी निष्कर्ष पार बदलतो.

मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी ताडायला जीईएच नावाचं मोजमाप वापरतात. दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. मोजणी १,००० आणि मॉडेल १,१०० असेल तर उत्तर साधारण ३.१ येतं. ८५ टक्के ठिकाणी ते ५ च्या खाली असावं, असा रूढ निकष आहे. मात्र हा निकष ताशी वाहनसंख्येसाठी आहे. दिवसभराच्या आकड्यांना तो लावला की चांगलं मॉडेलही नापास होतं. उलट लहान रस्त्यावर तो फार सैल पडतो: मोजणी १०० आणि मॉडेल १४० असलं तरी उत्तर ३.७ च्या आसपास येतं, म्हणजे ४० टक्क्यांची चूक पास. तक्त्यात सगळं पास दिसलं म्हणून पुढे सरकू नका. कुठल्या दुव्यावर, म्हणजे रस्त्याच्या कुठल्या तुकड्यावर, चूक आहे ते नकाशावर पाहा. एकदिशा रस्ता उलटा टाकलेला, पुलाखालचा रस्ता पुलाला जोडलेला, झोनचा जोडदुवा (झोनला रस्त्यांच्या जाळ्याशी जोडणारी काल्पनिक रेषा) थेट महामार्गावर सोडलेला, अशाच चुका बहुतेक वेळा सापडतात.

भविष्याचा अंदाज मॉडेलमध्ये घालायच्या गोष्टींवर जास्त अवलंबून असतो, मॉडेलच्या हुशारीवर कमी. लोकसंख्या वर्षाला २ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर २५ वर्षांत ती १.६४ पट होते. ३ टक्के धरलं तर २.०९ पट. हा एक टक्का कुणी ठरवला, ते अहवालात लिहिलेलं असलं पाहिजे. बेंट फ्लुबियर्ग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० प्रकल्पांचे अंदाज तपासले. रेल्वेच्या दर दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासी जास्त धरलेले निघाले, सरासरी १०६ टक्क्यांनी. रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत अंदाज २० टक्क्यांहून जास्त चुकला होता. दुसरा धोका प्रेरित वाहतुकीचा. रस्ता रुंद झाला की पूर्वी टाळलेले प्रवास होऊ लागतात, घरं लांब जातात. ब्रिटनमधल्या सरकारी सल्लागार समितीने १९९४ मध्येच हे स्पष्टपणे मांडलं होतं. तरीही ‘रुंदीकरण केलं’ आणि ‘नाही केलं’ या दोन्ही पर्यायांत प्रवासांची संख्या तीच धरलेले अहवाल आजही दिसतात. असा अहवाल हातात आला तर पहिली शंका तिथेच काढा. आणि एकच भविष्य मांडू नका. तीन-चार वेगवेगळी चित्रं मांडून सगळ्यांत टिकणारी कामं कोणती ते पाहा.

आता २१७कडे येऊ. मॉडेल बहुधा सकाळच्या गर्दीच्या वेळेचं असतं, समजा ८ ते १०. सहाच्या पाळीचा माणूस पाचला निघतो. मॉडेलला तो दिसतच नाही. ‘मॉडेलनुसार या मार्गावर मागणी नाही’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण माणसाच्या दृष्टीने चूक. इथे दुसरं साधन काढावं लागतं: वेळापत्रकाची जीटीएफएस फाइल (थांबे, मार्ग आणि वेळा यांची ठरावीक नमुन्यातली संगणकी नोंद) घेऊन कोणत्या झोनमधून सहाच्या आत औद्योगिक भागात पोचता येतं याचा नकाशा करायचा. (या फाइलींत मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या सेवादिवसात धरून २५:१० अशी लिहितात. हे माहीत नसलं तर रात्रीच्या शेवटच्या बसच हिशेबातून गळतात.) नकाशातून कळतं की प्रश्न एकाचा नाही, अमुक इतक्या झोनचा आहे. उपाय नवा रस्ता नाही, लवकर सुटणाऱ्या दोन फेऱ्या आणि चालक-वाहकांची एक जादा पाळी हा आहे. म्हणजे ही सूचना २५ वर्षांच्या बांधकामयादीत जात नाही. ती चालवण्याच्या खर्चात आणि पुढच्या चार वर्षांच्या कार्यक्रमात जाते.

हे जमायचं तर नोंदवही नीट हवी. क्रमांक, तारीख, सांगणाऱ्याचे मूळ शब्द, झोन किंवा रस्त्याचा दुवा, विषयाचा संकेत, उत्तर, आणि आराखड्यात बदललेलं पान. एका पत्रात तीन मुद्दे असतील तर २१७-अ, ब, क असे तोडा. मूळ शब्द कधीही पुसू नका. ‘सार्वजनिक वाहतुकीबाबत असमाधान’ असा गोषवारा केला की त्यातली पाळी आणि पहाट दोन्ही जातात. एकाच मजकुराची ४०० पत्रं आली तर ती चारशेही नोंदवा, पण मुद्दा एक म्हणून तपासा. हरकती-सूचना म्हणजे मतदान नव्हे. एकाच माणसाने दाखवलेली चूक खरी असेल तर ती दुरुस्त करायचीच.

विचारायचं कधी, हा त्याहून मोठा प्रश्न. उद्दिष्टं ठरण्याआधी एकदा, पर्याय मांडताना एकदा, मसुद्यावर एकदा. फक्त मसुद्यावर विचारलं तर लोकांना होकार किंवा विरोध एवढंच उरतं, आणि मग सभेत आरडाओरडा झाला तर दोष लोकांचा नसतो. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसती माहिती देणं तिसऱ्या पायरीवर आणि सल्ला विचारणं चौथ्या पायरीवर आहे. ही दोन्ही अर्नस्टाइन यांनी दिखाव्याच्या गटात टाकली, कारण त्यांत निर्णयाचा अधिकार लोकांच्या हातात येत नाही. आपली सभा कोणत्या पायरीवर आहे आणि काय बदलू शकतं, काय ठरून गेलं आहे, हे निमंत्रणातच लिहा.

सभेला येणारे म्हणजे सगळे लोक नव्हेत. वेळ असलेले, वाहन असलेले, वाचता-बोलता येणारे जास्त येतात. म्हणून बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाहेर, पाळी सुटताना जाऊन विचारावं लागतं. वय, लिंग आणि झोन यांची आलेल्या उत्तरांतली विभागणी जनगणनेशी दर आठवड्याला ताडा. शेवटी ताडून उपयोग नाही, तोवर मुदत संपलेली असते. प्रश्नही जपून. ‘इथे उड्डाणपूल हवा का’ याला बहुतेक जण हो म्हणतात. ‘तुमचा वेळ कुठे जातो’ असं विचारलं तर चौक, सिग्नल, बसची वाट पाहणं, रस्ता ओलांडणं असं वेगळं वेगळं बाहेर येतं.

पैशाचा प्रश्न लोकांसमोर मांडायला एक साधा खेळ फार उपयोगी पडतो. एकूण खर्च १८० गुणांचा होईल अशी कामं कार्डांवर लिहा आणि प्रत्येक गटाला १०० गुण द्या. आहे त्या रस्त्यांची आणि बसची देखभाल हे कार्डही त्यात ठेवा, नाहीतर ती फुकट होते असा समज होतो. किंमत काम होईल त्या वर्षाची धरा: ५ टक्के भाववाढीने आज १०० चं काम १५ वर्षांनी सुमारे २०८ चं होतं. लांबची कामं आजच्या भावात दाखवणं ही यादी फुगवायची सगळ्यांत सोपी वाट आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर स्थापत्य, भूगोल, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, नगररचना यांपैकी कुठूनही येता येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि पायथन किंवा आर या संगणकभाषांतली एक, एवढं आधी शिका. व्हिसम, क्यूब, ट्रान्सकॅड यांसारखी मॉडेल बनवायची महागडी सॉफ्टवेअर कामावर शिकवली जातात. त्याआधी एका चौकात १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांत हाताने वाहनमोजणी करा आणि वळणाऱ्या आणि सरळ जाणाऱ्या वाहनांची बेरीज चौकात शिरलेल्या वाहनांशी जमते का ते पाहा.

मंजुरीनंतर २१७ पाठवणाऱ्याला उत्तर जायला हवं: काय बदललं, कोणत्या पानावर, आणि नसेल बदललं तर का. अमेरिकेत हा आराखडा दर चार किंवा पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. नाकारलेल्या सूचनांसमोर नाकारण्याचं कारण लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘त्या झोनमध्ये तेवढी वस्ती नाही’. पुढच्या फेरीत नवी जनगणना हातात आली की आधी त्या कारणांपैकी कोणती अजून खरी आहेत ते तपासायचं.