प्रोसेसरचे बंद कोअर उघडता येतात का? आधी तपासा, मग हात लावा

कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कारखान्यातच बंद केलेत की तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, हे आधी पाहून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि कोअरचा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. कमी दिसला तर ‘एमएसकॉन्फिग’ चालवा, बूट टॅबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’पुढची खूण काढा आणि मशीन रीस्टार्ट करा. वेग वाढेल या आशेने ती खूण करणारे बरेच जण आहेत. तिची गरज नसते, विंडोज एरवीही सगळे कोअर वापरतं. तरीही आकडा कमीच असेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) एखादा कोअर बंद ठेवलाय का ते बघा.

आकडा बरोबर आहे, पण आणखी कोअर हवेत? मग प्रश्न चिपचा. 4 कोअरच्या चिपमधला एखादा कोअर सदोष निघाला की तो बंद करून ती 3 किंवा 2 कोअरची म्हणून विकतात. स्वस्त मॉडेलला मागणी वाढली की चांगले कोअरही बंद केले जातात. हल्लीच्या इंटेल आणि एएमडी रायझन प्रोसेसरचे असे कोअर घरी उघडता येत नाहीत. ते उघडून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर कृपा करून उतरवू नका.

खरी संधी आहे ती एएमडीच्या 2009-10च्या सुमाराच्या काही प्रोसेसरमध्ये: फेनॉम टू एक्स2 550 आणि 555, एक्स3 720, अ‍ॅथलॉन टू एक्स3, आणि 6 कोअरपर्यंत जाऊ शकणारा एक्स4 960टी. जुन्या बाजारात असा संच मिळाला, तर प्रयत्न जरूर करा. मदरबोर्डवर एसबी710 किंवा एसबी750 चिप हवी, नाहीतर बायोसमध्ये ‘कोअर अनलॉकर’सारखा पर्याय हवा.

सुरुवात बॅकअपने करा. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) केलं असेल तर सगळं मूळ वेगावर आणा. मग बायोसमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन’ ऑटोवर ठेवा किंवा अनलॉकचा पर्याय चालू करा, सेव्ह करा आणि रीस्टार्ट करा. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. वीज काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉस जंपरने (बायोसची सेटिंग पुसण्यासाठीचा छोटा जोड) बायोस मूळ पदावर आणा.

मशीन सुरू झालं की सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर मोजा. एक्स2 550 उघडला असेल तर तिथे ‘एक्स4 बी50’ असं नाव दिसतं. इथेच खूश होऊन थांबू नका. सदोष कोअर मशीन बंद पाडेलच असं नाही. तो गुपचूप चुकीचं गणित करतो, झिप फाइल उघडत नाही, फोटो खराब होतात, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. म्हणून प्राइम95 हे प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन चुका शोधणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एका कोअरवर जरी चूक दिसली, तरी तो कोअर नापास समजा.

उष्णतेकडेही लक्ष द्या. कोअर उघडल्यावर प्रोसेसरचं तापमान बऱ्याचदा चुकीचं दिसतं, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नका. मूळ 80 वॅटच्या 2 कोअरसाठी आलेला छोटा कूलर चारांना पुरणार नाही, मोठा बसवा.

चारपैकी एकच कोअर नापास झाला, तर काही बोर्डांवर तेवढाच बंद ठेवून 3 कोअरवर काम करता येतं. तेही स्थिर राहिलं नाही तर बायोसमधला तो पर्याय डिसेबल करा, प्रोसेसर पूर्वीसारखा चालू लागेल.