कीबोर्डचा भाव करताय? आधी अडॅप्टरचं विचारा

घासाघीस एमआरपीपासून सुरू करू नका. तो आकडा कंपनी छापते; कायद्याने त्याच्या वर विकता येत नाही, इतकंच. त्यातून दोन हजार उतरवले म्हणून दुकानदाराने पदरचे घातले असं होत नाही. माझ्या कीबोर्ड क्लासच्या पालकांना मी सांगतो, तेच मॉडेल दोन दुकानांत फोन करून विचारा, एकदा ऑनलाइन बघा. मॉडेलचा आकडा मात्र नीट लिहून न्या. यामाहाच्या ई273 आणि ई373 चं रूप साधारण सारखंच, पण 273 ला टच रिस्पॉन्स नाही. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच.

सगळ्यात कमी भावापेक्षा दुकानदार पाचशे-सातशे जास्त मागत असेल तर खुशाल द्या. तो खोकं फोडून वाजवू देतो, आणि उद्या पट्टी अडकली तर बोर्ड त्याच्याच काउंटरवर नेऊन ठेवता येतो.

नव्या बोर्डात फारसं सुटत नाही. खरं मार्जिन स्टँड, कव्हर, अडॅप्टरमध्ये. म्हणून म्हणायचं, "दादा, बोर्ड तुमच्या भावाने, पण स्टँड-कव्हर त्यातच बसवा." अडॅप्टर खोक्यात येतो का, तेही आत्ताच विचारा. नंतर कुठलाही लावून चालत नाही; ई373 ला 12 व्होल्टचा लागतो, कॅसिओच्या सीटी-एस300 ला 9.5 चा.

"बिल नको असेल तर अजून कमी करतो" याला भुलू नका. 11,800 च्या बिलात 1,800 जीएसटी असतो. तो वाचवून दुकानदार तुम्हाला पाचशे देणार, आणि वॉरंटीला कागद कुठला दाखवणार?

आणखी एक, आमच्या मंडळींना न आवडणारं. विद्यार्थी पाठवला की क्लासवाल्याला बऱ्याच दुकानांतून कमिशन मिळतं. मी सोबत गेलो की "माझं जे असेल ते बिलातून वजा करा" म्हणतो. तुमच्या सरांनाही विचारा, त्यात लाजायचं काय!

जुना घेणार असाल तर नवरात्र उरकू द्या. मग ऑर्केस्ट्रावाले बोर्ड विकायला काढतात. पियानोचा टोन लावून प्रत्येक पट्टी सारख्याच जोराने दाबा. एखादी मुकी किंवा एकदम ठणकन वाजली तर आतलं रबर गेलंय. पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारा दांडा किंवा चाक, सोडल्यावर मधोमध येतो का, व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते का, सेलच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का, बघा. मेकॅनिकला तिथूनच फोन लावून खर्च विचारा, स्पीकरवर, म्हणजे विकणाराही ऐकेल.