मुलांना घरच्या घरी बोलते आणि वाचते कसे करावे

संध्याकाळी मेथीची जुडी सोडली, की भाजी निवडून होईपर्यंत मूल मध्ये येऊ नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची पद्धत नाशिकच्या अनेक घरांत रुळली आहे. सुरुवात इथूनच करावी. मोबाइल बाजूला ठेवून मेथीच्या चार काड्या त्याच्या हाती द्याव्यात आणि रोजचे असे एखादे वीस मिनिटांचे काम दोघांचे म्हणून ठरवून टाकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा मानावी.

काम करताना आपण काय करतो आहोत, ते साध्या वाक्यांत बोलत राहावे. ‘हे काय? याचा रंग कोणता?’ अशी सरबत्ती मात्र टाळावी, कारण त्याने गप्पांची तोंडी परीक्षा होते. मूल नुसते ‘पान’ म्हणाले, तर ‘हो, पिवळं पान. हे टाकून देऊ या का?’ असे त्याचेच वाक्य थोडे वाढवून परत द्यावे आणि मग मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. मूल शब्द जुळवत असते आणि नेमके तेव्हाच आजी किंवा ताई त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होते.

चुका सुधारण्याची रीतही अशीच असावी. ‘आई, दूध सांडली,’ असे मूल म्हणाले, की ‘सांडली नाही, सांडलं म्हण’ असा धडा सुरू न करता ‘अरेरे, दूध सांडलं? फडकं आण बरं,’ एवढेच म्हणावे. योग्य रूप त्याच्या कानावर पडते आणि बोलणेही तुटत नाही. पाहुण्यांसमोर तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणायला लावणे तर माझ्या मते सरळ अन्याय आहे.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून घरातली मराठी आखडती घेऊ नये. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे लांबत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. तेव्हा ज्या भाषेत आपल्याला रागावता आणि लाड करता येतात, त्याच भाषेत मुलाशी बोलावे.

वाचनासाठी पुस्तकाआधी रस्ता उपयोगी पडतो. बसची वाट पाहताना ‘निमाणी’ ही पाटी अक्षरे ओळखू लागलेल्या मुलाला लवकर जमते; ‘द्वारका’ला ते अडखळते, आणि ‘त्र्यंबकेश्वर’ तर मोठ्यांनाही लिहून दाखवावे लागते. अडल्यावर ते जोडाक्षर फोडून दाखवावे आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा शोधायला सांगावे. पुस्तके विकतच घ्यावीत असे नाही. 1840 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, आपले ‘सावाना’, शहरात आहे. मुलाने तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले, तरी कंटाळा न करता वाचावे आणि ओळखीच्या ओळीपाशी थांबून शेवटचा शब्द त्याला म्हणू द्यावा.

आकड्यांच्या बाबतीत मराठीची एक अडचण आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना मात्र दोन आधी येतो, त्यामुळे मूल 72 लिहून बसते. यावर ओरडण्याऐवजी निवडलेल्या मेथीच्या दहा-दहा काड्यांना रबर लावून दोन जुड्या कराव्यात, शेजारी सात सुट्या काड्या ठेवाव्यात, आणि ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, हेही काड्या मांडूनच दाखवावे. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात सुटे पैसे मोजून घेण्याचे काम मुलाकडे दिले, तर वेगळ्या सरावाची फारशी गरज उरत नाही.

‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘डब्यातली पोळी कुणी कुणी खाल्ली?’ असे विचारून पाहावे.

इतके करूनही मूल वर्षाचे झाल्यावर हाकेला वळून पाहत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ या आश्वासनावर विसंबू नये. सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठले, तरीही ऐकू कमी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मोफत तपासणी करतात. तिथे शंका विचारावी. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर मूल जे जे शब्द स्वतःहून बोलते, ते जसेच्या तसे, बोबडे असले तरी, वहीत उतरवून ती वही सोबत न्यावी.